अष्टदळातले आठ व्हॉल्व्ह

संपाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा आमच्या घरी स्टोव्ह दिवसातून एकदाच पेटायचा. सकाळी भात आणि कुळथाची पिठी करून ठेवायची आणि संध्याकाळी तेच गार खायचं. तांदळापेक्षा घासलेटची काळजी जास्त होती, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. रेशनच्या दुकानासमोर माणसांऐवजी डब्यांची रांग असायची. आई आपला डबा रांगेत लावून घरी यायची आणि गॅलरीतून त्याच्यावर नजर ठेवत रबराची बुचं कापत बसायची. बुचांच्या कडेला जादा रबराची झालर राहते, ती ब्लेडने कापायची. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत हे काम घरोघरी चालायचं. संपाबद्दल बोलताना लोक पुरुषांच्या सभा आणि मोर्चे सांगतात. ब्लेडने कापलेली बायकांची बोटं कुणी सांगत नाही.

वडील गिरणीत फिटर होते, सूत कातायचे साचे दुरुस्त करायचे. संप संपला असं कुणी जाहीर केलंच नाही. एके दिवशी गेट उघडलं, काहींना आत घेतलं, वडिलांना घेतलं नाही. का नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. मला त्यांचा राग आला होता तो याच गोष्टीचा. अर्धं आयुष्य ज्या दारातून आत गेलात, तिथे उभं राहून एक प्रश्न विचारायला काय हरकत होती? ते म्हणाले, “विचारून काय होतंय? उत्तर देणाराच आत नाही.”

त्याच काळात मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. पेढ्यांचा प्रश्नच नव्हता. आईने शेजारणींच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांनी ती लाडूसारखी कौतुकाने खाल्ली. मला वाटलं, आता सुटलो.

कसचं सुटलो. गिरगावातल्या एका ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरच्या गृहस्थांनी मार्कशीट बघितली, चांगली म्हणून मान हलवली आणि मग पत्ता वाचला. “काळाचौकी. वडील काय करतात?” गिरणीत होते, म्हटलं. “संपावर?” हो, म्हटलं. त्यांनी मार्कशीट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “कळवू.” त्यांनी काही कळवलं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणीही जवळजवळ असंच झालं. पदार्थविज्ञानाची पदवी माझी होती, संप वडिलांचा होता. पण ते लोक दोन्हींची एकच बेरीज करत होते.

वडिलांना मात्र काम मिळालं. लालबागला मसाल्याच्या दुकानांमागे एक शेड होती. बाहेर मिरचीचा ठसका, आत ग्रीसचा वास. तिथे इंजिनांची जुनी हेडं नवी करून द्यायचे. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. त्यात व्हॉल्व्ह बसतात, पोलादी, छत्रीसारखे: एक दांडी आणि टोकाला ताटली. ते उघडले की हवा आत जाते नाहीतर धूर बाहेर पडतो. मिटले की मात्र वाफसुद्धा बाहेर जाता कामा नये. झिजलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, मग इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. म्हणून व्हॉल्व्ह आणि त्याची सीट, म्हणजे तो मिटून बसतो ती गोल कड, यांच्यामध्ये खरखरीत पेस्ट लावून, व्हॉल्व्ह गोल गोल फिरवून एकमेकांवर घासतात, दोघांच्या कडा जुळेपर्यंत. जुळल्या की तो व्हॉल्व्ह त्या सीटचा झाला. दिसायला तसाच असलेला शेजारचा तिथे चालत नाही.

घासण्याचं काम वडील करायचे. अडचण डोळ्यांची होती. मोतीबिंदू उतरत होता. हाताला सगळं कळायचं, पण घासल्यावर सीटवर उमटलेली बारीक राखाडी पट्टी त्यांना दिसायची नाही. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा ते हळूच म्हणायचे, “जरा बघ गं, पट्टी सगळीकडे सारखी आहे का?” मी वाकून बघायची. पुढे डबा हे निमित्त राहिलं आणि तपासणी हे माझं काम झालं. व्हॉल्व्हच्या कडेवर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या, तो सीटवर बसवून थोडा फिरवायचा आणि उचलून बघायचं. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या पाहिजेत. एक जरी शाबूत राहिली तरी तिथे फट आहे. मग हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह जागेवर सोडायचे आणि त्यांच्या भोवतीच्या खळग्यात घासलेट ओतायचं. खाली थेंब आला की पुन्हा घासा.

पहिल्यांदा ते घासलेट ओतताना बघितलं तेव्हा माझा संताप झाला होता. आम्ही त्याच्यासाठी रांगेत, आणि इथे ते लोखंडाला पाजतात. पुढे कळलं की ते परत गाळून वापरतात. संताप थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही.

शेड ज्यांची होती त्यांना सगळे शेठ म्हणत, आणि शेठ वडिलांना मामा म्हणत. माझी तपासणी त्यांना माहीत होती आणि चालतही होती, कारण ती फुकट होती. येता जाता म्हणायचे, “काय बी.एस्सी., गळतंय का काही?” आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “आमच्याकडे हेड ग्रॅज्युएट माणूस बघतो.” गिऱ्हाईक हसलं की स्वतः मोठ्याने हसायचे.

नवरात्रात एक हेड आलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली एक कोळीण मावशी ते टॅक्सीत घालून घेऊन आली. नवरा वारल्यावर होडी तीच चालवत होती, म्हणजे धंदा ती बघायची आणि समुद्रात तिचा खलाशी जायचा. होडीचं इंजिन बसलं होतं. नारळी पुनवेनंतर बाकीच्या होड्या भरून येत होत्या आणि तिची रिकामी उभी होती. ती शेठना म्हणाली, “शेट, होरी बंदरान बसलीय माजी. लोकांचं म्हावरं बघून पोट भरत नाय. लवकर द्या, पन नीट द्या.”

वडिलांनी ते हेड मन लावून केलं. चार मोठे व्हॉल्व्ह, चार लहान. गिरणीतल्या सवयीने त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हच्या ताटलीवर पंचने बारीक टिंब ठोकलं: पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, असं. तीच टिंबं हेडावर त्या त्या सीटशेजारी. साचा उघडला की सुटा भाग कुठला कुठे गेला असं व्हायला नको, म्हणून गिरणीत ते असंच करायचे. अष्टमीला मी तपासलं. रेघा पुसल्या, घासलेट थेंबभर उतरलं नाही. व्हॉल्व्ह मिटवून धरणाऱ्या स्प्रिंगा नव्या येणार होत्या, त्या दसऱ्यानंतर बसवायच्या म्हणून व्हॉल्व्ह आपापल्या जागी ठेवून वर फडकं घातलं.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा असते. त्या दिवशी हत्याराला काम नाही, मान. लेथ धुऊन पुसून झेंडूचे हार घालतात, नटबोल्टचे पाने आणि हातोडे मांडतात. त्या वर्षी शेठनी बरीच मंडळी बोलावली होती. मी आणि वडील धुतलेले कपडे घालून गेलो आणि दारातच माझा पाय अडखळला. लेथसमोर शेठच्या बायकोने, वहिनींनी, रांगोळीचं सुरेख अष्टदळ काढलं होतं. आठ पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीवर एकेक व्हॉल्व्ह, हळदकुंकू लावलेला. अख्ख्या शेडमध्ये सगळ्यांत चकचकीत तेच होते ना, नुकते घासलेले.

वहिनींचा दोष नव्हता, हे आधीच लिहिते. त्यांनी शेठना विचारलं होतं, “हे घेऊ का?” आणि शेठ म्हणाले होते, “घे की, छान दिसतील.” मी हात पुढे केला तर वहिनी घाबरून म्हणाल्या, “अगं, देवापुढचं दसरा होईपर्यंत उचलू नये.” ते मलाही मान्य होतं. मी शेठकडे गेले आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, “शेठ, ते तुम्ही परत बसवू नका. दसरा झाला की मी येते, टिंबं बघून बसवते. अदलाबदल झाली तर हेड गळेल.”

“हो गं बाई, हो. आज पूजा आहे, प्रसाद घे.”

“सांगून ठेवलं हं.”

“ऐकलं म्हटलं ना. मामा, पोरगी तुमची शाळामास्तरीण व्हायला पाहिजे होती.”

मंडळी हसली. वडीलही कसनुसं हसले. त्या हसण्याचा मला शेठपेक्षा जास्त राग आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो तर हेड जागेवर नव्हतं. शेठ चहा पीत होते. म्हणाले, “गेलं ते. काल दसऱ्याची उत्तरपूजा झाली, स्प्रिंगाही सकाळीच आल्या, मावशीचा माणूस न्यायला आला होता. मीच बसवून दिले.”

“कुठला कुठे बसवलात?”

“आता त्यात काय? आठ भोकं, आठ व्हॉल्व्ह. मोठे मोठ्यात, लहान लहानात.”

“टिंबं बघितलीत?”

“बी.एस्सी., डोकं नको खाऊ. लोखंड आहे ते, जावई नाही रुसायला.”

मी म्हटलं परत मागवा. ते म्हणाले, वेड लागलंय का. वडील म्हणाले, जाऊ दे. हे ‘जाऊ दे’ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गिरणीच्या गेटवरही त्यांनी हेच म्हटलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. मावशी उतरली, मागून तिचा खलाशी हेड काढायला लागला. हा खलाशी कुणाच्या कामावर विश्वास ठेवणारा नव्हता. इंजिनावर चढवण्याआधी त्याने बंदरावरच हेड उलटं करून घासलेट ओतून बघितलं होतं. मावशीने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शेट, तुमी हेड बनवलंव का लगीन लावलंव? खालशी कुकू गलतंय.”

खरंच होतं. फडक्याने पुसलेलं कुंकू ताटल्यांच्या कडेला कुठे कुठे राहिलं होतं आणि घासलेटबरोबर गुलाबी होऊन खाली उतरलं होतं.

शेठनी ते हेड बघितलं, मावशीकडे बघितलं आणि मग वडिलांकडे वळले. मला अजून ते वळणं दिसतं. म्हणाले, “मावशी, माफ करा. आमच्या मामांना दिसत नाही हो नीट. डोळे गेलेत. मी दया म्हणून ठेवलं होतं. आणि तपासायला ही पोरगी. असं कसं चालेल? मामा, मला वाईट वाटतं, पण उद्यापासून नका येऊ.”

दया म्हणे. ज्या माणसाने हेड गळू दिलं नव्हतं त्याच्यावर दया, आणि ज्याने गळवलं तो दया करणारा. मी वडिलांकडे बघितलं. ते भिंतीवरचा खिळा चाचपडत होते, पिशवी तिथे टांगलेली असायची. ते निघाले होते. दुसऱ्यांदा, न विचारता.

मी म्हटलं, “बाबा, पिशवी राहू दे.”

“चल गं.”

“राहू दे म्हटलं ना. मावशी, जरा थांबा. तुमची होडी अडकलीय, माझ्या बापाचं काम अडकलंय. दोन्ही याच हेडात आहे. सगळ्यांसमोर उघडते.”

शेठ म्हणाले, “हात नको लावू.”

मावशी म्हणाली, “का नको? हेड तुमचं हाय का माजं? पोरी, उघर.”

स्प्रिंगा दाबायचा क्लॅम्प घेतला.  एकेक व्हॉल्व्ह सोडवून तो जिथून निघाला त्याच सीटशेजारी ठेवला आणि खलाशाला म्हटलं, “तुम्ही वाचा. व्हॉल्व्हवर किती टिंबं, सीटशेजारी किती.” तो वाकला. “इथं तीन, बाजूला एक. इथं एक, बाजूला चार.” पुढे गेला. मोठ्यांतला एकही जागेवर नव्हता. लहानांतले दोन जागेवर होते, तेही नशिबाने.

मावशीने विचारलं, “म्हंजे काय झालं?”

“म्हणजे बाबांनी ज्याला जिथे बसवलं होतं तिथून कुणीतरी उठवून दुसऱ्याच्या जागी बसवलं. पूजेला मांडले होते. मी सांगितलं होतं परत लावू नका म्हणून.”

“कुनी लावले?”

मी शेठकडे बघितलं. मागे मडक्यातलं पाणी काढायला वहिनी आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, “यांनीच लावले. मी म्हटलं होतं, ती येईपर्यंत थांबा.” शेठ बायकोकडे असे बघत राहिले की जणू चूक तिने बोलण्यात केली.

मी व्हॉल्व्ह स्वच्छ धुतले, टिंबं जुळवून आपापल्या सीटवर ठेवले आणि घासलेट ओतलं. सगळे वाकून बघत होतो. वाटलं होतं, आता एकही थेंब येणार नाही. पण एका मोठ्याखालून आला. शेठ लगेच म्हणाले, “बघा. म्हटलं नव्हतं मी?”

 मी तो व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरला. कडेवर बारीकशी खोच होती. वडिलांनी तो माझ्या हातून घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला. “आपटलाय,” ते म्हणाले. “रांगोळीत उभा केला असणार, फरशीवर पडला. अष्टमीला ही खोच नव्हती.” मग त्यांनी कुणाची परवानगी न घेता पेस्टची डबी उघडली आणि तिथेच उकिडवं बसून घासायला सुरुवात केली. उन्हं कलेपर्यंत घासत होते. मावशी उलट्या डब्यावर बसून राहिली, मधूनमधून शेठना टोमणे मारत: “शेट, लई देवभगत तुमी. म्हनून घरच्या घरी कुकू लावून होरी बुरवायला निघालंव.” 

मी पेन्सिलीच्या रेघा मारल्या. फिरवून उचललं. सगळ्या पुसल्या होत्या. घासलेट ओतलं. खाली हात धरला तो कोरडा राहिला.

शेठ म्हणाले, “झालं ना मग. कशाला एवढा तमाशा.”

माफी नाही. “मामा, माझं चुकलं,” हे तीन शब्दही नाहीत. मी आयुष्यात बरेच साहेब बघितले, गिरणीवाले, ऑफिसवाले, शेडवाले. यांच्या जिभेला हे शब्द जमतच नाहीत, आणि आपल्या माणसांना ते न ऐकण्याची सवय लागते. मला नव्हती लागली. शिकले होते ते त्यासाठीच, असं मला त्या दिवशी वाटलं. मी म्हटलं, “शेठ, बाबा उद्या येतील. मी पण येईन, डबा घेऊन नाही, कामावर. इथून हेड मी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही, पूजा असो नाहीतर लग्न. आणि हे तुम्ही आत्ता, यांच्यासमोर बोला.”

“पोरगी धमकी देते का मला?”

“नाही. काम मागते.”

 मावशी उठली, लुगडं झटकलं. म्हणाली, “आमचे बंदरान धा होर्‍यांची इंजिनं हायत. ही पोर बघनार असंल तर हितं, नायतर दुसरीकर. बोला शेट, माजी टॅक्सी उबी हाय.”

शेठ म्हणाले, “या उद्या.” वडिलांकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

आम्ही घरी निघालो. चाळीच्या जिन्यात वडील म्हणाले, “एवढं बोलायला नको होतंस.” दोन पायऱ्या चढून गेल्यावर म्हणाले, “पण गेटवर तू असायला पाहिजे होतीस.”

आता गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि तिथे येणारे लोक मला विचारतात, तुम्ही लोकांनी किती सोसलं ना. सोसणं हे काही आम्ही मिळवलेलं नाही, ते आमच्यावर लादलेलं आहे. मिळवलं ते वेगळं आहे, ते साधं आहे आणि तेवढंच सांगते. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन परळच्या सरकारी इस्पितळात झालं आणि त्यांना राखाडी पट्टी पुन्हा दिसायला लागली. तरी तपासणी मीच करत राहिले, पगारावर, आणि त्या शेडमधून मी न बघितलेलं हेड बाहेर गेलं नाही. खंडेनवमीला अष्टदळात वहिनी सुपाऱ्या मांडू लागल्या. वडील त्याच शेडमध्ये म्हातारे होईपर्यंत काम करत राहिले आणि एके दिवशी स्वतः होऊन थांबले. या वेळी त्यांना कुणी काढलं नव्हतं.